प्रस्ताव कुठल्या वाटेने न्यायचा: बीआयपी, ईआयपी की मतदान?

जुळे सोलापुरातली चार-पाच पोरं मिळून एक छोटं ओपन सोर्स क्रिप्टो नाणं उभं करताहेत. कोड चालतोय. नियम बदलायचा झाला तर तो रीतसर कसा मांडायचा, इथे त्यांचं अडलंय. हे त्यांनाच उद्देशून.

बिटकॉइनची बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) पद्धत 2011 मध्ये अमीर ताकी यांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पीईपी या प्रस्ताव-पद्धतीवरून बेतली. संपादक मसुद्याची मांडणी तपासतात, क्रमांक देतात. बदल करावा की नाही, हे ते ठरवत नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत गाळ्याला नंबर मिळाला म्हणून गिऱ्हाईक येतंच असं नाही, तसं. सेगविट, म्हणजे व्यवहारातल्या सह्या वेगळ्या ठेवणारा बदल, बीआयपी 141, आठवा. 95 टक्के ब्लॉकमधून (व्यवहारांच्या गठ्ठ्यांमधून) ते बनवणाऱ्या मायनरांचा होकार हवा होता, तो महिनोन्महिने जमेना. मग बीआयपी 148 घेऊन वापरकर्त्यांनीच 1 ऑगस्ट 2017 ही तारीख लावून धरली आणि त्याच महिन्यात सेगविट लागू झालं. मसुदा कधीचा तयार होता. भांडण होतं ते होकार कुणाचा धरायचा यावर.

आणि सगळ्याच बदलांना बीआयपी लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये बिटकॉइन कोअर 30 या सॉफ्टवेअरने ओपी-रिटर्नमधल्या (व्यवहाराला जोडायच्या) डेटाची मर्यादा 83 बाइटांवरून एक लाखावर नेली. त्यावरचा कडाक्याचा वाद पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोड बदलायच्या विनंतीवर, झाला. ब्लॉक वैध की अवैध हे या मर्यादेवर ठरत नाही. व्यवहार पुढे पाठवायचा की नाही, एवढंच नोड, म्हणजे जाळ्यातला संगणक, तिच्यावरून ठरवतो. न पटणाऱ्याला आपल्या नोडवर जुनी मर्यादा ठेवता येते. असल्या बदलांना प्रस्तावाचा सोपस्कार लावू नका.

इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याची ईआयपी (इथेरियम सुधारणा प्रस्ताव, 2015) पद्धत जास्त शिस्तीची आहे. मसुदा, परीक्षण, शेवटची हाक, अंतिम असे टप्पे; शेवटच्या हाकेला साधारण 14 दिवस. सुरक्षेचा विचार लिहिल्याशिवाय प्रस्ताव अंतिम होत नाही. सहा महिने हालचाल नसली की तो थंड पडलेला धरतात. किचकट वाटेल खरं, पण नवख्याला नेमकं काय लिहायचं ते कळतं.

डिक्रेड या क्रिप्टो नाण्यात बदल मतदानाने ठरतो: नाणी अडकवून तिकिटं घेणारे मत देतात. सहमतीचा नियम बदलायला 75 टक्के होकार लागतो. ऐकायला लोकशाही वाटते. पण तुमच्याकडे निम्म्याहून जास्त नाणी याच चार-पाच जणांच्या खिशात आहेत. मतदान म्हणजे नाटकच होईल. सध्या नकोच.

माझं मत ईआयपीच्या साच्याला. त्यातला ‘कारणे’ हा भाग गाळू नका. सात रस्त्यावर चहा पिताना जे ठरतं, ते बाहेरगावच्या योगदानकर्त्याला त्यातूनच कळणार. फक्त त्यात एक ओळ तुमची स्वतःची घाला: शेवटचा होकार कुणाचा, आणि तो माणूस महिनाभर गप्प बसला तर पुढे कोण.