शेकरूची शेपटी आणि चौकटीच्या कडा: निसर्ग-छायाचित्रांवर सशुल्क अभिप्राय देणाऱ्या एका सेवेविषयी

निसर्ग-छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना कौतुक पुष्कळ मिळते. अभिप्राय मात्र क्वचितच मिळतो. ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त क्लिक’ अशा शब्दांनी मन प्रसन्न होते, पण चौकट डावीकडून थोडी कमी करावी की उजवीकडून वाढवावी, सावलीतला हिरवा रंग तसाच ठेवावा की उतरवावा, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत. म्हणून शुल्क भरून एखादे छायाचित्र जाणकाराकडून तपासून घेण्याची सोय असलेली एक सेवा मी वापरून पाहिली. ती एकच अनुभवी वन्यजीव छायाचित्रकार चालवतात आणि तिची माहिती ओळखीपाळखीतूनच पसरते. पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत, त्यामुळे नाव येथे देत नाही. अशा प्रकारची सेवा घेताना काय तपासावे, हे वाचकांना कळावे इतकाच हेतू आहे.

पद्धत अशी आहे. आपण मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) आणि आपण स्वतः एडिट केलेली जेपेग अशा दोन्ही पाठवायच्या. आठवड्याभरात एक लेखी टिपण आणि समीक्षकांच्या, म्हणजे त्याच छायाचित्रकारांच्या, संगणकाच्या पडद्याचे ध्वनिमुद्रणासह केलेले चित्रण परत येते. सोबत त्यांनी केलेल्या एडिटची फाइलही मिळते. त्यानंतर एक शंका विनामूल्य विचारता येते. भाषा मराठी, तांत्रिक शब्द इंग्रजी, म्हणजे आपण आपापसांत बोलतो तशीच. रॉ फाइल मागण्याचा आग्रह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नुसती छाटलेली जेपेग पाहून कोणीही क्रॉपविषयी, म्हणजे छाटणीविषयी, सांगू लागला, तर चौकटीबाहेर काय टाकून दिले आहे हे त्याला ठाऊकच नसते. शिवाय 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या मावतात, तर 8 बिटच्या जेपेगमध्ये केवळ 256. सावल्या किती उजळता येतील, याचा अंदाज पहिल्या फाइलवरूनच घेता येतो.

मी पाठवलेले छायाचित्र भीमाशंकरच्या अभयारण्यातले होते. उंबराच्या आडव्या फांदीवर शेकरू बसले आहे, मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून त्याने धड एका बाजूला खाली झुकवले आहे, पुढच्या पंजांत फळ आहे आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला शेपटी सरळ खाली लोंबते आहे. दाट पानांची सावली, आयएसओ 3200, आडवी चौकट, 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा. म्हणजे मूळ फाइल 6000 × 4000 पिक्सेलची. या एकाच फाइलचे दोन क्रॉप मी पाठवले. पहिला जवळचा, 2400 × 1600 पिक्सेलचा, ज्यात चेहरा, पंजे आणि फळ भरून दिसतात, पण शेपटी अर्ध्यात कापली जाते. दुसरा मोकळा, 4500 × 3000 पिक्सेलचा, ज्यात सगळे शेकरू आणि भोवतालची पालवी येते. समीक्षक कशाला पसंती देतात यापेक्षा ती का देतात, हे मला पाहायचे होते.

पडद्याचे चित्रण सुरू झाले आणि पहिली काही मिनिटे त्यांनी क्रॉपचे नावच काढले नाही. लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चौकट उघडून त्यांनी ‘एल’ ही कळ दोनदा दाबली, त्यामुळे आजूबाजूच्या पट्ट्या नाहीशा होऊन काळ्या पार्श्वभूमीवर केवळ छायाचित्र उरले. मग त्यांनी विचारले की हे छायाचित्र शेकरूच्या चेहऱ्याचे आहे की त्याच्या खाण्याच्या पद्धतीचे? चेहऱ्याचे असेल, तर चेहऱ्यावरचा प्रकाश पुरेसा नाही, आणि छाटून मोठा केल्याने तो वाढणार नाही. खाण्याच्या पद्धतीचे असेल, तर शेपटी कापून चालणार नाही, कारण फांदीवर असे आडवे बसून खाताना धडाचा भार एका बाजूला आणि शेपटीचा दुसऱ्या बाजूला असतो; त्या तोलावरच सगळी बैठक उभी आहे. शेपटी काढली की हा प्राणी पडत कसा नाही, हे चित्रातून सांगताच येत नाही.

या एका मुद्द्यासाठी मी शुल्काचे पैसे वसूल झाले असे मानतो. क्रॉपविषयीचा सल्ला बहुतेक ठिकाणी तृतीयांशाच्या नियमापासून (चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग पाडणाऱ्या रेषांच्या जाळीपासून) सुरू होतो आणि तेथेच संपतो. डोळा रेषांच्या छेदावर आणा, नजरेच्या दिशेला जागा सोडा, झाले. या समीक्षकांनी क्रॉपच्या चौकटीवरची ती जाळी चक्क बंद करून ठेवली. प्राण्याच्या शरीराची आणि वागण्याची माहिती असलेला माणूस छायाचित्र पाहतो, तेव्हा चौकट कोठे थांबावी याचे कारण त्याला छायाचित्राच्या आतच सापडते, आणि हे कौशल्य सॉफ्टवेअरच्या शिकवणीतून येत नाही.

जवळच्या क्रॉपविषयी त्यांनी दुसरे जे सांगितले, तेही नेमके होते. छाटल्याने नॉइज (चित्रातले बारीक दाणे) वाढत नाही, पण तोच कागद भरण्यासाठी चित्राचा लहान तुकडा अधिक मोठा करावा लागतो, म्हणून नॉइज, हाताचा कंप आणि फोकसमधली बारीकशी चूक हे सगळे सोबतच मोठे होते. 12 × 18 इंचांच्या प्रिंटसाठी मोकळ्या क्रॉपमध्ये इंचाला 250 पिक्सेल मिळतात. जवळच्या क्रॉपमध्ये जेमतेम 133. भिंतीवर दुरून पाहण्याच्या प्रिंटला 133 पिक्सेल कधीकधी चालूनही जातात, पण शेकरूच्या अंगावरचे केस हातात धरून पाहायचे असतील तर ते मऊ मेणासारखे दिसू लागतात. 2023 च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी डीनॉइजची सोय येथे मदत करते, हे त्यांनी मान्य केले. मात्र तिची मात्रा वाढवली की केसांच्या जागी नसलेला पोत तयार होतो, हे त्यांनी शंभर टक्के मोठे करून प्रत्यक्ष दाखवले. असे दाखवणे लेखी टिपणात जमले नसते.

नंतर ते कडांकडे वळले. कर्सर चौकटीच्या चारही कडांवरून सावकाश फिरवत त्यांनी प्रत्येक जागी थांबून विचारले की येथे काय आहे आणि ते का आहे. डाव्या कडेला पानांच्या फटींतून दिसणारे आकाशाचे दोन पांढरेफटक तुकडे होते. हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) उजव्या टोकाला चिकटलेला दाखवून त्यांनी सांगितले की रॉ फाइलमध्येही येथे माहिती शिल्लक नाही; हायलाइट (उजळ भाग) कितीही खाली ओढले तरी पांढऱ्याऐवजी राखाडी डाग मिळेल आणि तो अधिकच खोटा दिसेल. एडिटने न सुटणारी ही अडचण क्रॉपने सुटत होती. त्यांनी माझे दोन्ही क्रॉप बाजूला ठेवून आडव्या चित्रातून उभी चौकट काढली, 4:5 प्रमाणाची, पूर्ण उंची वापरून 3200 × 4000 पिक्सेलची. डावीकडचे दोन्ही डाग बाहेर गेले, धड आणि शेपटी या दोन खाली उतरणाऱ्या रेषांना उभ्या चौकटीत जागा मिळाली, आणि पिक्सेलही मोकळ्या क्रॉपच्या जवळपास राहिले. मी पाठवलेल्या दोन्हींपेक्षा हा तिसरा पर्याय चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही.

एक उणीव मात्र राहतेच: शेपटीच्या फिकट टोकाखाली मोकळी जागा फारच कमी आहे, कारण मूळ चौकटच तेथे संपते. फोटोशॉपमध्ये 2023 पासून जनरेटिव्ह एक्सपांड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयीने खालची पाने तयार करून चौकट वाढवता येते. समीक्षकांनी ते करू नका असे स्पष्ट सांगितले आणि कारणही दिले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत छाटणी आणि मर्यादित प्रकाश-रंग दुरुस्ती चालते, पण दृश्यात काही वाढवणे किंवा त्यातून काही पुसणे चालत नाही, आणि पुढच्या फेऱ्यांत मूळ फाइल तपासली जाते. उभ्या चौकटीचा मोह जुनाच आहे, हे येथे आठवते: ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या अंकात गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते आणि त्यावर बरीच टीका झाली. छाटून न बसणारे चित्र ओढूनताणून बसवण्यापेक्षा थोडी तंग चौकट परवडली, हे समीक्षकांचे मत मला पटते.

एडिटिंगच्या भागात सेवेची पकड सैल पडते. सुरुवात चांगली होती. दाट पालवीखाली पानांवरून परतलेला प्रकाश सगळ्या दृश्याला हिरवट करतो आणि शेकरूच्या पोटाखालच्या पिवळसर पांढऱ्या केसांवर ती हिरवी झाक सर्वांत आधी दिसते. संपूर्ण चित्राचा टिंट (रंगाची झाक) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, नेला तर पालवी मेल्यासारखी होते, म्हणून मास्क लावून केवळ पोटाच्या भागावर दुरुस्ती करावी, असे त्यांनी सुचवले, आणि ही सूचना मी पुढेही वापरणार आहे. पण परत आलेल्या फाइलमध्ये याच संयमाचा मागमूस नव्हता. पालवीचा हिरवा रंग उतरवून करडा केला होता, चौकटीच्या कोपऱ्यांवर जड काळोखी चढवली होती आणि शेकरूच्या पाठीचा तांबूस तपकिरी रंग केशरीकडे झुकवला होता. आजकाल वन्यजीव छायाचित्रांत ही धाटणी सगळीकडे दिसते, त्यामुळे ती काही ग्राहकांना आवडतही असेल. माझा आक्षेप आवडीनिवडीपुरता नाही. भारतीय शेकरूच्या उपजाती ओळखताना अंगावरच्या रंगांची मांडणी हा मुख्य आधार असतो, त्यामुळे पाठीचा रंग बदलणे म्हणजे प्राण्याविषयीची माहितीच बदलणे होय. शेपटीसाठी वागणुकीचा दाखला देणाऱ्या समीक्षकांनी रंगाच्या बाबतीत तोच निकष लावू नये, याचे नवल वाटते. बहुधा तो त्यांचा ठरावीक प्रीसेट (आधीच जपून ठेवलेली एडिटची मांडणी) असावा. तसे असेल तर फाइलसोबत तसे सांगायला हवे होते.

दुसरी अडचण अर्जाची आहे. त्यात कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ सगळे विचारले जाते, पण हे छायाचित्र कशासाठी आहे, हे विचारलेले नाही. मोबाइलच्या पडद्यावर 1080 × 1350 पिक्सेलची उभी चौकट शोभते. पण आपल्याकडच्या लॅबमध्ये सर्रास चालणाऱ्या 8 × 12 इंचांच्या कागदावर 4:5 चे चित्र 8 × 10 इंचच भरते आणि दोन इंच कागद पांढरा राहतो, नाहीतर लॅबवाला न विचारता आणखी छाटून मोकळा होतो. पडद्यासाठी उजळ केलेले एडिट कागदावर काळवंडलेले दिसते, हेही नित्याचेच. याच कारणासाठी मी माझी विनामूल्य शंका प्रिंटविषयी विचारली. उत्तर ठरलेल्या मुदतीच्या बरेच नंतर आले, आणि तेही ‘पडद्याचा उजेड कमी करून पाहा’ इतकेच. पडद्याचे कॅलिब्रेशन (रंग-उजेड प्रमाणित करणे), लॅबकडून मागवायचा रंगाचा प्रोफाइल, एसआरजीबी की अडोबी आरजीबी यांपैकी कोणती रंगपद्धती, यांचा उल्लेखही नव्हता.

मूळ फाइल दुसऱ्याच्या हाती देण्याविषयीही दोन शब्द. मोबाइलच्या फाइलमध्ये आणि जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. घरट्याजवळची किंवा शिकारीचा धोका असलेल्या प्राण्यांची छायाचित्रे पाठवताना ही नोंद आधी काढून टाकायला हवी, आणि सेवेने ते अर्जातच सांगायला हवे. पाठवलेल्या फाइलींचे पुढे काय होते, याबद्दलही तेथे एक ओळ नाही.

तरीही क्रॉपवरचा अभिप्राय हवा असेल, तर मी या सेवेची शिफारस करीन, विशेषतः पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या छायाचित्रांसाठी. निव्वळ निसर्गदृश्ये पाठवणाऱ्यांना तिचा किती उपयोग होईल, हे सांगणे कठीण आहे, कारण समीक्षकांची ताकद प्राण्याच्या हालचाली वाचण्यात आहे. एडिटसाठी मात्र त्यांचे चित्रण पाहावे, फाइल वापरू नये. पाठवताना एक करावे: अर्जाच्या शेवटी ‘इतर माहिती’ असा रकाना आहे, त्यात छायाचित्र प्रिंटसाठी आहे की पडद्यासाठी, कागदाचा आकार काय, आणि प्राण्याचा रंग प्रत्यक्ष पाहिला तसाच ठेवायचा आहे, या तीन गोष्टी स्पष्ट लिहून द्याव्यात.