‘पँडोरा’ पॉपीचं बी: इंदूरच्या बागेसाठी

पॉपी हे शोभेचं फुलझाड. ‘पँडोरा’ या वाणाच्या रंगाला पूर्ण गुण! पाकळ्या काळपट वाइनच्या रंगाच्या, त्यावर राखाडी रेघा. पण पाकिटावर पेरणीचं काहीच छापलेलं नाही, ही मोठी उणीव. नोव्हेंबरमध्ये जागेवरच पेरा. बी खसखशीसारखं बारीक. चिमूटभर बियाला वाटीभर कोरडी वाळू मिसळून भुरभुरा, वर माती नको, उगवायला उजेड लागतो. माळव्याची काळी माती पाणी धरते आणि रोपं बुडाशी कुजतात, म्हणून कुंडीत निम्मी वाळू हवीच. सोटमूळ दुखावतं, तेव्हा रोपं हलवू नका. २० सेंमीवर विरळणी करा.

बागप्रेमींशी अदलाबदल करून मिळालेल्या बियांच्या फुलांचे रंग परपरागीकरणामुळे (दुसऱ्या झाडाचे परागकण लागल्याने) बदलतात. निळसर, गुळगुळीत, खोडाला बिलगलेली पानं दिसली तर ती पॉपीचीच दुसरी जात, अफू. परवान्याशिवाय लावणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे.