थेट थाप की ‘नरो वा कुंजरो वा’?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात हा फोन कधी ना कधी येतोच. पलीकडे चंदगडचे नाहीतर गडहिंग्लजचे पाहुणे असतात. “तुमच्या गल्लीतलं स्थळ आलंय. पोरगा कसाय? पितो काय?” तो पितो हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि शेजाऱ्यांशी रोजची उठबस असते.

“छे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही” ही थाप झाली. “आमच्या दारात तरी कधी पिऊन आला नाही” हे शब्दाला धरून खरं. बरेच जण दुसरं निवडतात, कारण जिभेला खोटं चिकटत नाही. मला ते थापेपेक्षा वाईट वाटतं.

साध्या थापांचा फार घोर नको. कुंद्याची बशी तिसऱ्यांदा पुढे आली की “पोट भरलंय, मावशी” म्हणावं, विषय तिथंच मिटतो. थट्टेत, लग्नाच्या वेळी, जीव वाचवायला बोललेलं खोटं पातक नव्हे, असा श्लोकही महाभारतात आहे. त्यातली लग्नाची सूट मात्र मला मान्य नाही. तो श्लोक शर्मिष्ठा ययातीचं मन वळवायला म्हणते. पुढे देवयानीला सगळं कळलं आणि शुक्राचार्यांच्या शापाने ययाती ऐन उमेदीत म्हातारा झाला.

युधिष्ठिराचं उदाहरण याहून जवळचं. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मारला होता. हत्तीचा उल्लेख धर्मराजाने हळू आवाजात केला, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं, आणि चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. शब्द खरे होते, तरी टेकला.

हे मला आईमुळे कळलं. तिचे रिपोर्ट आले त्या संध्याकाळी ती सुपात तांदूळ निवडत होती. “काय आलंय त्यात?” मी म्हटलं, “डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात.” बदलल्याच होत्या. तिने दोन खडे उचलून बाजूला टाकले आणि पुन्हा विचारलं नाही. महिन्याभराने तिला आजाराचं नाव कळलं. म्हणाली, “खोटं बोलला असतास तर तुझ्या तोंडावरनं ओळखलं असतं रे.”

थाप चेहऱ्यावर दिसते, पुढच्या प्रश्नाला अडखळते, कधीतरी कबूलही करता येते. अर्धं खरं यातलं काहीच होऊ देत नाही. आपण खोटं बोललोच नाही, मग कबूल काय करायचं? वाटाघाटींवरच्या २०१७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातही हेच दिसलं: बोलणाऱ्याला असं उत्तर थापेपेक्षा स्वच्छ वाटतं, फसलेल्याला मात्र ते थापेसारखंच लागतं.

तेव्हा फोन आलाच, तर एक तर सरळ म्हणा, “शेजारी आहे, हे माझ्याकडनं नको. दोन दिवस येऊन राहा, चार ठिकाणी विचारा.” यात काहीतरी राखलंय हे ऐकणाऱ्याला कळतं, तो पुढे चौकशी करू शकतो. पण पोरीच्या बापाने नेमकं विचारलं तर “पितो” एवढंच सांगावं. मी एकदा सांगितलंय. त्यानंतर दोन गणपतींना त्या घरातून आरतीची हाक आली नाही.