अपडेटनंतरचा पहिला आठवडा: एफएसडी घ्यावी की हायवेपुरतं हँड्स-फ्री?

रात्री गाडी चार्जिंगला लावली, वाय-फायवरून अपडेट उतरलं, आणि सकाळी ऑफिसला निघालो तर गाडी कालच्यासारखी वळेना. इलेक्ट्रिक गाडी घेताना शोरूममध्ये रेंज सांगतात, चार्जिंगचा वेग सांगतात, सीट गरम कशी होते तेही दाखवतात. पण ताशी 65 मैलांवर ज्या सॉफ्टवेअरच्या हाती आपण स्टिअरिंग सोपवणार, ते वर्षातून कित्येकदा बदलणार आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागणार, हे कुणी बोलत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी घरांत गाडी बदलायची वेळ आली की हा प्रश्न हमखास निघतो: टेस्ला घेऊन एफएसडीचे, म्हणजे शहरातही वळणं-थांबणं सांभाळणाऱ्या 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे, की फोर्डची मस्टँग मॅक-ई किंवा कॅडिलॅकची लिरिक घेऊन ब्लूक्रूझ, सुपर क्रूझ या हायवेपुरतं हात सोडू देणाऱ्या सॉफ्टवेअरवर भागवायचं? मी दोन्ही प्रकार चालवले आहेत, काही स्वतः, काही मित्रांच्या गाडीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचं रोजचं येणं-जाणं मुख्यतः हायवेवर आहे आणि ज्याला गाडीच्या सवयी पुन्हा पुन्हा शिकायला वेळ नाही, त्याने दुसरी वाट धरावी. एफएसडी कितीतरी जास्त कामं करते, यात वादच नाही. पण ती चालवणाऱ्याकडून मागतेही तितकंच जास्त.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ही सगळी सॉफ्टवेअर लेव्हल 2 ची, म्हणजे चालकाला मदत करण्यापुरतीच आहेत. हात सोडायची मुभा असो वा नसो, चालक तुम्हीच. लक्ष रस्त्यावरच हवं.

आता थोडं मागे जाऊ, कारण सुरुवातीच्या चालकांना जे अनुभव आले तेच आजही नव्या रूपात येतात. ऑक्टोबर 2015 मध्ये टेस्लाने 7.0 अपडेट सोडलं. ज्या मॉडेल एस गाड्यांत वर्षभरापूर्वीच कॅमेरा, रडार आणि बारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवून ठेवले होते, त्या एका रात्रीत लेन धरून चालू लागल्या. घरी उभ्या असलेल्या गाडीला नवं कसब येणं हा तेव्हा चमत्कारच होता. लोक हरखले. काहींनी हात सोडून व्हिडिओ काढले. उजव्या लेनमधून जाताना गाडी मध्येच एक्झिटकडे ओढ घेते, असंही बरेच जण सांगत होते. जानेवारी 2016 मध्ये 7.1 आलं आणि त्याने उलटा लगाम घातला: वस्तीतल्या रस्त्यांवर ऑटोस्टिअर (स्टिअरिंग स्वतः सांभाळणारी सोय) वापरताना वेगमर्यादेच्या वर फक्त 5 मैल. पहिल्या अपडेटने दिलेली मोकळीक दुसऱ्याने आखडती घेतली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवं हार्डवेअर आलं, आठ कॅमेऱ्यांचं. आणि झालं असं, की नवीकोरी गाडी घेणाऱ्याकडे कित्येक महिने जुन्या गाडीपेक्षा कमी सोयी होत्या. आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेकसुद्धा सुरुवातीला नव्हता, तो नंतरच्या अपडेटने आला. मे 2021 मध्ये मॉडेल 3 आणि वायमधून रडार काढलं, तेव्हाही काही काळ ऑटोस्टिअरचा वेग 75 मैलांवर अडकवला होता. नवं हार्डवेअर म्हणजे मुरलेलं सॉफ्टवेअर असं धरून चालू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो ते यामुळेच.

दुसरीकडे जनरल मोटर्सने 2017 मध्ये सुपर क्रूझ आणलं ते एका महागड्या पेट्रोल सेदानमध्ये, कॅडिलॅक सीटी6 मध्ये. पद्धत अगदी वेगळी. हायवे आधी लायडारने (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजून नकाशात घातलेले, आणि त्या नकाशाबाहेर सॉफ्टवेअर चालूच होत नाही. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा पहिल्या दिवसापासून. पुढे तेच शेव्हरोले बोल्ट ईयूव्ही आणि लिरिकमध्ये आलं. फोर्डने 2021 मध्ये ब्लूक्रूझ दिलं, तेही अपडेटनेच: ज्या मॅक-ई गाड्यांत लागणारं सामान बसवलेलं होतं, त्यांना सॉफ्टवेअर मागाहून हवेतून मिळालं. पुढच्या आवृत्त्यांत भर पडली ती बेताबेताने. इंडिकेटर दिला की लेन बदलायची, शेजारी ट्रक आला की लेनमध्येच जरा बाजूला सरकायचं, असली.

मुख्य फरक इथेच आहे. नकाशावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अपडेट मिळतं तेव्हा एखादी सोय वाढते किंवा नवे रस्ते जोडले जातात. सुपर क्रूझचं जाळं सुरुवातीला सुमारे 1,30,000 मैलांचं होतं, 2022 मध्ये ते 4,00,000 मैलांवर नेण्याची घोषणा झाली. गाडीचा मूळ स्वभाव मात्र तोच राहतो. एफएसडीच्या मोठ्या अपडेटमध्ये स्वभावच बदलतो. 2024 च्या सुरुवातीला आलेली आवृत्ती 12 घ्या. आधी शहरातली वळणं, थांबणं, निघणं याचे निर्णय बऱ्याच अंशी माणसांनी लिहिलेल्या नियमांवर चालत. 12 मध्ये ते काम व्हिडिओवरून शिकलेल्या न्यूरल नेटवर्ककडे गेलं. म्हणजे खरोखरच दुसरा चालक बसला.

तो चालक मी एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाहिला. शनिवारची संध्याकाळ, मित्राची मॉडेल वाय, दोन्ही बाजूंना दुकानांसमोर डबल पार्किंग. एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन दोन गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर डोकावली. गाडीने वेग आधीच उतरवला होता. ती मागे सरकेपर्यंत थांबली, मग उभ्या गाडीला वळसा घालण्याइतकी डावीकडे आली आणि पुढे निघाली. स्टिअरिंग आपलं आपण इतकं हलकेच फिरलं की माझं मलाच जाणवलं, मी श्वास धरला होता. मित्राचे हात मात्र चाकाच्या दोन बाजूंना, बोटभर अंतरावर. तो म्हणाला, "हे छान जमतं, पण कुठे जमणार नाही ते आधी कळत नाही." एफएसडीबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

सुपर क्रूझचा पहिला अनुभव याच्या अगदी उलट टोकाचा. आय-78 वर पेनसिल्व्हेनियाकडे जाताना चाकाच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी उजळली, म्हणजे आता हात सोडा. मांडीवर हात टिकेनात, पहिली पाच मिनिटं ते सारखे वर येत होते. नजर खिडकीबाहेर जरा जास्त रेंगाळली की पट्टी लुकलुकायला लागते. स्वतः स्टिअरिंग फिरवलं तर ती निळी होते. लाल लुकलुकली म्हणजे तातडीने ताबा घ्या. तीन रंग, तीन अर्थ. तासाभरात ही भाषा अंगवळणी पडली.

बिनसतं केव्हा, तेही सांगायला हवं. माझ्याच एका गाडीत, कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, अपडेटच्या दुसऱ्या दिवशी पुलाच्या सावलीत शिरताना कारण नसताना जोराचा ब्रेक लागला. मागच्या सीटवरचा डबा खाली आदळला, आमटी मॅटवर सांडली, आणि आरशात ट्रकची जाळी भरून आली. माझा पाय ॲक्सिलरेटरवर पोचेपर्यंत जे दोन क्षण गेले ते अजून आठवतात. तो रस्ता मी त्याआधी शंभर वेळा त्याच गाडीने केला होता, म्हणूनच मी निर्धास्त होतो. तेव्हापासून नियम केला: अपडेट झालं की पहिला आठवडा पाय ॲक्सिलरेटरच्या वर तयार ठेवायचा. तो दाबला की असा नाहक ब्रेक सुटतो. आणि बायको-मुलं गाडीत असताना नवी आवृत्ती पहिल्यांदा चालू करायची नाही.

हा प्रकार काही माझ्यापुरता नाही. अशाच नाहक ब्रेकच्या 354 तक्रारींवरून एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते-सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2022 मध्ये 4,16,000 टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू केली होती. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये एफएसडी बीटाची, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या एफएसडीची, 10.3 आवृत्ती सुटली आणि समोर काही नसताना टकरीचे इशारे येऊ लागल्याने दिवसाच्या आत मागे घ्यावी लागली. 11,704 गाड्यांचा रिकॉल नोंदला गेला. डिसेंबर 2023 मध्ये तर वीस लाखांहून जास्त टेस्ला गाड्यांचा रिकॉल झाला, चालकाचं लक्ष आहे की नाही हे ऑटोपायलट (टेस्लाचं मूळ चालक-साहाय्य सॉफ्टवेअर) पुरेसं तपासत नाही म्हणून. तो दुरुस्त झालाही अपडेटनेच, गॅरेजची पायरी न चढता. चूक घरोघरी पोचते तितक्याच लवकर दुरुस्तीही पोचते. ही मला खरी जमेची बाजू वाटते.

पण म्हणून हायवेवालं सॉफ्टवेअर निर्धोक समजू नका. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्लूक्रूझ चालू असताना मॅक-ईचे दोन जीवघेणे अपघात झाले, सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फियात. दोन्ही रात्रीचे, दोन्ही वेळा हायवेच्या लेनमध्ये उभी असलेली गाडी. एप्रिलमध्ये त्याचीही चौकशी सुरू झाली. वेगात असताना समोर थांबलेलं वाहन ओळखणं ही या सगळ्याच सॉफ्टवेअरची दुखरी जागा आहे. रात्री रिकाम्या हायवेवर मी हँड्स-फ्री असूनही एक हात चाकावर ठेवतो.

पैशांचं थोडक्यात. टेस्लाने एप्रिल 2024 मध्ये एफएसडीचं मासिक शुल्क 199 वरून 99 डॉलरवर आणलं. फोर्डने त्याच वर्षी ब्लूक्रूझ महिना 49.99 किंवा वर्षाला 495 डॉलर केलं. सुपर क्रूझ साधारण तीन वर्षं गाडीबरोबरच मिळतं, नंतर शुल्क लागतं. दर सारखे बदलतात, तेव्हा सहीच्या दिवशी पुन्हा विचारा. एफएसडी घ्यायचीच असेल तर महिन्याने घ्या. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला चालू करा, नंतर बंद करा.

जुनी टेस्ला घेणाऱ्यांनी एक तपासणी चुकवू नये. स्क्रीनवर सॉफ्टवेअरच्या पानावर गाडीच्या जादा माहितीत ऑटोपायलटचा कॉम्प्युटर कुठला ते दिसतं. तिथे हार्डवेअर 3 असेल तर डिसेंबर 2024 मध्ये आलेली आवृत्ती 13 त्या गाड्यांना मिळाली नाही, ती हार्डवेअर 4 साठी होती. एफएसडी विकत घेतलेल्या जुन्या गाड्यांचे कॉम्प्युटर बदलावे लागतील, असं जानेवारी 2025 मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी स्वतःच मान्य केलं. विकणारा "फुल सेल्फ ड्रायव्हिंग आहे" एवढंच सांगेल. कुठल्या आवृत्तीपर्यंत, ते तुम्ही विचारायचं.

मग एफएसडी कुणी घ्यावी? ज्याचा रस्ता सिग्नल, वळणं आणि चौकांतून जातो, जो एकटा चालवतो, आणि ज्याला या तंत्राची मनापासून गोडी आहे. माझा तो ओक ट्री रोडवाला मित्र अपडेटच्या सूचना पेपर वाचावा तशा वाचतो आणि रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून येतो. त्याला ती शोभते. माझी चुलतबहीण रोज प्रिन्स्टनला जाते, मागे दोन मुलं, अर्धा रस्ता हायवे. तिला मी लिरिक चालवून बघायला पाठवलं.

पुण्याहून भावाचा फोन आला की तोही विचारतो. टेस्लाचं शोरूम मुंबईत बीकेसीत 15 जुलै 2025 ला उघडलं, मॉडेल वाय 59.89 लाखांपासून, एफएसडीचे वर 6 लाख. पण ती सोय भारतात तेव्हा चालू नव्हती, पुढे अपडेटने येईल अशा बोलीवर पैसे घ्यायचे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, जे आज चालत नाही त्याचे पैसे आज देऊ नकोस. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई मध्ये रडार आणि कॅमेऱ्याचं लेव्हल 2 आहे, ते एक्सप्रेसवेवर चालवून बघ.

चालवून बघायचं ते विक्रेत्याच्या ठरलेल्या फेरीवर नको. आपल्याच ऑफिसच्या रस्त्यावर न्या, संध्याकाळी ऊन समोरून येत असताना, जिथे लेनचे पट्टे पुसट आहेत आणि जिथे दोन लेन एकत्र येतात तिथून. निघण्याआधी शेवटचं अपडेट कधी झालं ते विचारा, आणि परत येईपर्यंत किती वेळा तुम्हाला ताबा घ्यावा लागला ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा.