न्यूयॉर्कच्या आगीची प्लेट: जळतानाची घ्यायची की जळून गेल्यावरची?

न्यूयॉर्कच्या १८३५ च्या आगीची चित्रं छापलेल्या जुन्या मातीच्या प्लेट्सपैकी एकच घ्यायचीये आणि ‘कोएन्टिज स्लिप (धक्क्याजवळचा भाग) जळताना’ की ‘मर्चंट्स एक्स्चेंजचे (व्यापाऱ्यांच्या बाजाराच्या इमारतीचे) अवशेष’ यात अडकला असाल, तर माझं मत आधीच सांगते, अवशेषवाली घ्या.

दोन्ही एकाच सेटमधल्या, इंग्लंडात स्टॅफर्डशायरला बनून बोटीने अमेरिकेत आलेल्या. काठही सेम, फिनिक्स (राखेतून पुन्हा उठणारा पक्षी), आगीचे बंब आणि मधे मधे ‘ग्रेट फायर’ अशी अक्षरं. ते ऐटदार बंब बघून मला दरवेळी हसू येतं, कारण १६ डिसेंबरच्या रात्री इतकी थंडी होती की पाइपातलं पाणीच गोठलं, ईस्ट रिव्हरचा बर्फ फोडून पाणी काढावं लागलं, आणि शेवटी बंदुकीची दारू लावून इमारतीच उडवल्या तेव्हा कुठे आग थांबली.

कोएन्टिज स्लिप पहिल्या नजरेत भारी वाटते, ज्वाळा, धूर, भिंतीवर लावली तर पाहुणे विचारणारच. पण ज्वाळा म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या बारीक रेघा, त्या आधी टिश्यू पेपरवर छापून मग प्लेटवर उतरवायच्या, तो पत्रा झिजलेला असला किंवा छापताना टिश्यू पेपर जरा सरकला की आग आहे का धुकं तेच कळत नाही. आणि निळ्या रंगात आग म्हणजे मला तर गॅसची शेगडीच आठवते. ब्राउनमधली, छाप स्वच्छ असलेली मिळाली तर मात्र सोडू नका.

अवशेषांमधे पडक्या भिंती, सरळ रेघा, त्यामुळे छाप थोडी फिकी आली तरी चित्र टिकतं, निळ्यातही. ही वॉल स्ट्रीटवरची बिल्डिंग, आत अलेक्झांडर हॅमिल्टनचा (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री) संगमरवरी पुतळा त्याच वर्षी बसवलेला, छत कोसळलं त्यात त्याचाही चुरा झाला. हे माहीत असलं की प्लेट जास्त वेळ बघितली जाते.

कुठलीही घ्या, मडकं घेतो तशी टिचकी मारून घ्या, बद्द आवाज आला तर तडा आहे. काठाचं डिझाइन एखाद्या ठिकाणी नीट जुळत नसेल तर घाबरू नका, तिथे टिश्यूची दोन टोकं भेटतात, उलट चांगली खूण आहे ती. भिंगातून एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर मात्र नंतरची छपाई.

माझी पहिली प्लेट मी नुसते फोटो बघून घेतली. घरी येऊन कोमट पाण्यात ठेवली तर काठावरचा एक बंब रंगासकट सोलून निघाला, खाली पांढरी पुटी भरलेली. अजून लावलीये भिंतीवर, बंब तेवढा एक कमी.