आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर २ महिने वापरून: काय गेलं, काय राहिलं

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो. भिंतीची वीज आणि माझी म्युझिक सिस्टीम यांच्या मध्ये बसणारा १ केव्हीएचा (एवढा लोड पेलणारा) टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारख्या कोअरचा, डबा आहे, आत ईएमआय फिल्टर (लाइनमधली विजेची घाण गाळणारा), सर्ज प्रोटेक्शन (अचानक चढणाऱ्या व्होल्टेजपासून बचाव), मागे ४ सॉकेट. भयंकर जड.

माझ्याकडे तीन त्रास होते आणि तिन्हीला मी "लाइट खराब आहे" एवढंच म्हणत होतो. ट्वीटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) बारीक चरचर, स्पीकरमधून सतत घूंsss, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणायचा, स्पीकरच्या वायरी काढल्या तरी.

चरचर पहिल्याच दिवशी गेली आणि त्यासाठी या डब्याला पूर्ण मार्क. दिव्याचा डिमर वीज तुकड्या-तुकड्यात कापून देतो, चार्जर आपली घाण लाइनमध्ये सोडतात, हे सगळं आतल्या दोन वाइंडिंगमधली (तारेच्या गुंडाळ्यांमधली) अर्थ केलेली शील्ड आणि फिल्टर मिळून बरंचसं अडवतात. गाणं संपताना शेवटचा सूर विरतो ना, तो आता खरंच शांततेत विरतो. यासाठीच तर एवढा खटाटोप!

घूं मात्र तसूभरही हलली नाही. दोन दिवस डब्यालाच दोष देत बसलो, मग एकेक केबल काढत गेलो आणि टीव्हीची कोअ‍ॅक्स केबल काढल्याबरोबर सगळं गप्प. ग्राउंड लूप होता, केबलची अर्थ वेगळी, अ‍ॅम्पची वेगळी, मधून सिग्नलच्या वायरीतून करंट फिरतोय, त्याला वीज कितीही साफ केली तरी काय होणार? कोअ‍ॅक्सवर आयसोलेटर (केबलची अर्थ तोडून सिग्नल पुढे सोडणारा) लावला, विषय संपला. आणि कृपा करून कुणाचं ऐकून प्लगची अर्थ पिन काढू नका, आत काही बिघडलं तर अ‍ॅम्पच्या अख्ख्या बॉडीत करंट येतो, जीव जाऊ शकतो.

आता गुणगुण. अ‍ॅम्प डब्यावर टाकल्यावर अ‍ॅम्प गप्प झाला पण डबाच गुणगुणायला लागला, म्हणजे त्रास गेला नाही, नुसती जागा बदलली. बरेच दिवसांनी लक्षात आलं की कुणी हेअर ड्रायर कमी स्पीडवर लावला की हे वाढतं. काही ड्रायर त्या सेटिंगला डायोड लावून अर्धीच वेव्ह घेतात, त्याने लाइनमध्ये थोडं डीसी (एकाच दिशेची वीज) येतं, आणि टोरॉइडच्या कोअरला मध्ये गॅप नसल्याने तेवढ्यानेही तो सॅच्युरेट व्हायला लागतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही आणि गुणगुण सुरू होते. याला औषध डीसी ब्लॉकर, कपॅसिटर आणि डायोडचं साधं सर्किट, पण लोडला पुरेल एवढ्या रेटिंगचं आणि जाणकाराने बनवलेलंच घ्या, हे २३० व्होल्टचं काम आहे.

पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा) मी शेवटी डब्यावरून काढलाच. अ‍ॅम्प करंट सलग घेत नाही, वेव्हच्या टोकाला झटक्यात ओढतो, आणि छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये आला की तिथे व्होल्टेज दबतं. हळू आवाजात मला काही फरक कळला नाही पण मोठ्या आवाजात बेस मरगळलेला वाटायचा, घरातल्यांना मला न सांगता प्लग बदलायला लावून तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा ओळखता आलं. आता पॉवर अ‍ॅम्प डीसी ब्लॉकरमधून थेट भिंतीला, आणि डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा), प्रीअ‍ॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधी सिग्नल सांभाळणारा), टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) डब्यावर. चरचर परत आली नाही, म्हणजे ती या छोट्या मंडळींमधूनच येत होती.

आवाज मोठा झाला, स्टेज (आवाज पसरल्याचा भास) रुंद झालं असं काही मला जाणवलं नाही. व्होल्टेज वरखाली होत असेल तर हा डबा तेही सुधारत नाही, त्याला स्टॅबिलायझर वेगळा. सर्जवाला एमओव्ही (झटका शोषून घेणारा भाग) प्रत्येक झटक्यात थोडा थोडा झिजतो, त्यामुळे समोरच्या इंडिकेटरवर अधूनमधून नजर टाकायची.

घ्यायचा असेल तर आधी एक संध्याकाळ काढा, केबल एकेक काढून बघा, डिमर बंद करून बघा, अ‍ॅम्पच्या बॉडीला कान लावा. चरचरच असेल तर हा डबा डोळे झाकून घ्या. मी डिमरही बदलून टाकला.