शेवाळाला न जुमानणारा, पण सरळ पाईप मागणारा मीटर

आमच्या पाणी वापर संस्थेच्या उपसा वाहिनीवर बसवलेला, बॅटरीवर चालणारा 150 मिलिमीटर व्यासाचा, पाणी मोजणारा विद्युतचुंबकीय मीटर दोन आवर्तने (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणाऱ्या 2005 च्या कायद्यानुसार संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे किती घनमीटर घेतले ते मोजून मिळते, त्यामुळे मीटर चुकला की आकारणी चुकते आणि भांडण सचिवाच्या दारात येते.

जुन्या पंख्याच्या मीटरला कालव्यातले शेवाळ गुंडाळले की पंखा मंदावे आणि पाणी धो-धो जात असतानाही आकडा कमी दिसे. नव्या मीटरमध्ये फिरणारा भागच नाही. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहताना निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतदाबावरून तो वेग मोजतो, म्हणून शेवाळ, काड्या अडथळा न होता पुढे निघून जातात.

तरीही पहिला अनुभव वाईट होता. विक्रेत्याच्या माणसाने मीटर व्हॉल्व्ह आणि पाईपच्या वळणाला अगदी खेटून बसवला, आणि 18 घनमीटरचा हौद भरून पाहिला तेव्हा आकडा 20.3 आला. माहितीपुस्तिका उघडल्यावर कळले की मीटरच्या अलीकडे व्यासाच्या पाचपट आणि पलीकडे दुप्पट, म्हणजे 75 आणि 30 सेंटीमीटर सरळ पाईप हवा. शिवाय आमची वाहिनी हौदाकडे उतरती असल्याने पाईप पूर्ण भरत नव्हता, आणि हा मीटर तर पाईप भरलेलाच आहे असे धरून हिशेब करतो. मीटरची जागा बदलली, पाईपचे तोंड वर उचलून घेतले आणि तोच हौद पुन्हा भरला, तेव्हा आकडा 17.8 आला. एवढा फरक तर हौद मोजणाऱ्या आमच्या टेपचाही असू शकतो.

तक्रारी दोन आहेत. पीव्हीसी पाईपवर लागणाऱ्या अर्थिंगच्या कड्यांचा (पाण्याला जमिनीशी विद्युतजोड देणाऱ्या धातूच्या कड्या) दरपत्रकात उल्लेखच नव्हता. त्या नंतर वेगळ्या विकत घ्याव्या लागल्या. दुसरे म्हणजे भर उन्हात पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून आम्ही पत्र्याची पेटी करून घेतली. अचूकतेसाठी मी हा मीटर पुन्हा घेईन, मात्र बसवणीच्या वेळी टेप घेऊन स्वतः उभा राहीन.

उघड्या चारीवर याचा उपयोग नाही. तिथे अजून फ्ल्यूमच्या (पाणी मोजण्यासाठी चारीत बांधलेल्या ठराविक मापाच्या अरुंद भागाच्या) पट्टीवर पाणी किती चढले ते वाचून पाटकरीच नोंद करतो, आणि खालच्या बाजूला गवत माजून पाणी तुंबले की तीही नोंद फुगते.